मध्यस्थाचा निरोप आणि वाटेचं अर्धवट ज्ञान

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणाची चर्चा केली. आप्त कोणाला म्हणायचं, त्याचं वाक्य प्रमाण का मानायचं, आणि ज्याने स्वतः पाहिलं नाही पण पाहणाऱ्याकडून ऐकलं, त्याच्या सांगण्याला किती वजन द्यायचं, इथवर आपण आलो होतो. आज त्याच प्रश्नाकडे वेगळ्या दारातून जायचं आहे. विषय बिनतारी संदेशवहनातला आहे: एकमेकांना मदत करणारे रिले, आणि मार्गाचं ज्ञान अपुरं असताना त्या मदतीचं काय होतं. तत्त्वज्ञानाच्या माणसाने या भानगडीत का पडावं, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. थोडा धीर धरा. फळ्यावर मी एकच समीकरण लिहिणार आहे, आणि तेही शाळेतलं.

सुरुवात आपल्याच शब्दापासून करू. 'डाक' म्हटलं की आज पत्रं आठवतात. मुळात डाक म्हणजे टप्प्याटप्प्यावर माणसं किंवा घोडे बदलत निरोप पुढे नेण्याची व्यवस्था. 'रिले' या शब्दामागेही थकलेल्या जनावरांच्या जागी ताजी जनावरं जोडणं हाच अर्थ आहे. आणि पेशवेकालीन कागद चाळले तर 'जासूद जोडी' हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. निरोप महत्त्वाचा असेल तर दोघं धाडावेत. एकाला ताप आला तर दुसरा आहे. पण दोघं एकाच वाटेने गेले आणि नदीला पूर आला, तर दोघंही एकाच काठावर बसून राहणार. जोडीचा खरा फायदा हवा असेल तर वाटा निराळ्या हव्यात. आजच्या विषयाचा अर्धा भाग एवढ्यातच आला.

बिनतारी संदेशाची नदी कोणती? ती आहे फेडिंग. मोबाइलच्या टॉवरपासून निघालेली लहर तुमच्यापर्यंत एका सरळ रेषेत येत नाही. ती इमारतींवर, झाडांवर, बसच्या पत्र्यावर आपटून अनेक वाटांनी येते. या सगळ्या लहरी एकमेकींत मिसळतात. कधी त्या एकमेकींना बळ देतात, कधी एकमेकींना खाऊन टाकतात. २ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी १५ सेंटिमीटर असते, त्यामुळे वीतभर सरकलं तरी चित्र पालटतं. बोलता बोलता आवाज तुटतो, आपण एक पाऊल बाजूला होतो आणि आवाज परत येतो, हा अनुभव सगळ्यांनाच आहे.

हे प्रकरण किती महाग पडतं, ते आकड्यांत बघा. सगळ्यात साध्या पद्धतीने शून्य-एक पाठवायचे आहेत, आणि लाखात एकच चुकावा एवढी अपेक्षा आहे. वाट स्थिर असेल तर संदेशाची शक्ती खरखरीच्या, म्हणजे नॉइजच्या, साधारण ९ पट असली की भागतं. वाट फेडिंगची असेल तर सरासरी शक्ती २५,००० पट लागते. नऊच्या जागी पंचवीस हजार! कारण सरासरीला इथे काही अर्थ उरत नाही. चुका होतात त्या वाट बुडालेली असते त्या क्षणांत. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन वाटा घ्या. एक वाट शंभरात एकदा बुडत असेल, तर दोन्ही एकदम बुडण्याची पाळी दहा हजारांत एकदाच येते. म्हणून प्रत्येक वाटेवर सुमारे १३७ पट शक्ती पुरते. या लाभाला डायव्हर्सिटी म्हणतात. आपण त्याला जोडीचा लाभ म्हणू.

दोन अँटेना बसवल्या की झालं, असं वाटेल. पण हातात मावणाऱ्या यंत्रात त्या पुरेशा दूर ठेवता येत नाहीत, म्हणजे जोडी पुन्हा एकाच वाटेने चालली. तेव्हा दुसऱ्याचीच अँटेना का वापरू नये? तुमचा संदेश जवळच्या तिसऱ्या यंत्रानेही ऐकलेला असतोच, कारण लहर सगळीकडे पसरते. त्याने तो पुढे पाठवायचा. तीन टोकांच्या या मार्गाचा गणिती विचार व्हॅन डर म्यूलेन यांनी १९७१मध्ये मांडला. कव्हर आणि एल गमाल यांनी १९७९मध्ये त्याच्या क्षमतेचे मूलभूत सिद्धान्त दिले. फेडिंगवरचा उपाय म्हणून या कल्पनेला जोर आला तो मात्र २००३-०४च्या सुमारास. आधी सेंडोनारिस, एर्किप आणि आझांग यांचं काम, मग लेनमन, त्से आणि वॉर्नेल यांचं.

रिले दोन जातीचे. पहिला ऐकलं ते तसंच मोठ्याने पुढे ओरडतो. त्यात काय म्हटलंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्यामुळे संदेशाबरोबर खरखरही मोठी होऊन पुढे जाते. दुसरा आधी समजून घेतो, शून्य की एक याचा निर्णय करतो, आणि मग स्वच्छ, नव्याने उच्चारून पुढे पाठवतो. खरखर गेली, पण निर्णय चुकला असेल तर चूक तितक्याच स्वच्छ आवाजात पुढे जाते. वात्स्यायनाने आप्ताचं लक्षण सांगताना दोन गोष्टी धरल्या आहेत: वस्तू त्याने साक्षात जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. आपल्या रिलेजवळ दुसरी गोष्ट शंभर टक्के आहे. यंत्राला खोटं बोलायची हौस नसते. पहिलीच संशयात आहे.

वरवर पाहता दुसरा रिले श्रेष्ठ वाटतो. २००४च्या त्या निबंधात लेनमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तसं नाही. समजून पुढे पाठवणाऱ्या रिलेवर नेहमीच, आंधळेपणाने भिस्त ठेवली, तर शक्ती वाढवत नेल्यावर जोडीचा लाभ मिळतच नाही! नुसता ओरडणारा रिले मात्र तो लाभ मिळवून देतो. कारण उघड आहे. प्रेषक आणि रिले यांच्यामधली वाट बुडाली की रिले चुकणार, म्हणजे सगळा भार पुन्हा एका वाटेवर आला. उपायही त्यांनीच दिला, आणि तो मला फार आवडतो. रिलेने आधी स्वतःच्या ऐकण्याचा दर्जा मोजावा. तो ठरावीक पातळीखाली असेल तर त्याने गप्प बसावं, आणि प्रेषकानेच निरोप पुन्हा पाठवावा. एवढ्याने हरवलेला लाभ परत मिळतो.

पण 'स्वतःच्या ऐकण्याचा दर्जा मोजावा' हे वाक्य मी किती सहज बोलून गेलो! कसा मोजायचा? आता ते समीकरण लिहितो: ग्रहण केलेलं = वाट × संदेश + खरखर. वाट म्हणजे लहर किती क्षीण झाली आणि तिची कला किती फिरली, हे सांगणारी एक संख्या. ती माहीत असेल तर संदेश काढता येतो. संदेश माहीत असेल तर वाट काढता येते. दोन्ही माहीत नसतील तर एक समीकरण आणि दोन अज्ञातं; आठवीतला मुलगाही सांगेल की सुटणार नाही. म्हणून प्रेषक मधूनमधून आधीच ठरलेली चिन्हं पाठवतो. त्यांना पायलट म्हणतात. त्यात बातमी काहीच नसते. मी काय बोलणार हे तुला माहीत आहे, तेव्हा तुला काय ऐकू आलं यावरून मधली वाट ओळख, एवढाच त्याचा हेतू. या मोजमापातही खरखर मिसळलेली असते, म्हणून वाटेचं ज्ञान कधीच पूर्ण नसतं. अंदाज आणि वास्तव यांत फरक राहतो.

तो फरक किती नडतो? समजा चुकीची शक्ती वाटेच्या सरासरी शक्तीच्या एक टक्का आहे. एक टक्का म्हणजे फार नाही, असं कोणीही म्हणेल. पण ही चूक संदेशाला गुणली जाते. प्रेषकाने आवाज दहापट केला की चुकीचा परिणामही दहापट होतो. बाहेरची खरखर मागे पडते. आपल्याच अज्ञानाची खरखर मात्र बरोबरीने वाढत येते. हिशेब केला तर एका वाटेवर सुमारे चारशेत एक चूक राहते, आणि कितीही शक्ती ओतली तरी ती त्याखाली जात नाही. दोन स्वतंत्र वाटांवर हाच तळ पन्नास हजारांत एकाच्या आसपास जातो. जोडीने तळ खोल नेला, पण तो नाहीसा केला नाही. मघाशी आपण लाखात एक मागत होतो. एक टक्का अज्ञान असताना दोन वाटांनीही ती मागणी पूर्ण होत नाही.

या तळाचे आलेख कितीतरी शोधनिबंधांत आहेत, आणि ते वाचताना सावध राहायला हवं. पुष्कळ ठिकाणी अंदाजातली चूक एका ठरावीक आकड्यावर बांधून टाकलेली असते आणि मग शक्ती वाढवत नेलेली असते. तसं केलं की तळ येणारच. तो गृहीतकातच बसलाय. पण पायलटही त्याच शक्तीने पाठवला तर? मग शक्ती वाढली की मोजमापही सुधारतं, चूक घटत जाते, तळ येत नाही, आणि जोडीचा लाभही टिकतो. नुकसान होतं ते ठरावीक प्रमाणात. संदेशाइतक्याच शक्तीचा एक पायलट वापरला तर अज्ञानाची खरखर बाहेरच्या खरखरीएवढी असते, म्हणजे एकूण दुप्पट, म्हणजेच ३ डेसिबलचा तोटा. चार पायलट वापरले तर तोटा साधारण १ डेसिबलवर येतो. तेव्हा 'अपुरं ज्ञान' असा एकच डबा करून चालत नाही. ते अपुरं कशामुळे आहे, हे आधी विचारायला हवं. खरखरीमुळे आलेलं अज्ञान शक्तीने भरून निघतं. काळामुळे आलेलं निघत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयाचा कणा हा आहे, आणि तो दुर्दैवाने तळटिपेत लिहिला जातो.

काळामुळे म्हणजे कसं? पायलट पोचला, वाट मोजली, आणि तेवढ्यात गाडी पुढे गेली. क्लार्कने १९६८ साली मांडलेलं फेडिंगचं प्रतिमान वापरून हे मोजता येतं. २ गिगाहर्ट्‌झवर, ६० किलोमीटर वेगाने चाललेल्या बसमध्ये तुम्ही बसला आहात. जवळपास ६ सेंटिमीटर अंतर कापलं, म्हणजे साडेतीन मिलिसेकंद गेले, की जुन्या मोजमापाचा आताच्या वाटेशी काहीच संबंध उरत नाही. आणि मघाचं ते एक टक्का अज्ञान? ते साडेतीन मिलिमीटरमध्येच येतं. एका मिलिसेकंदाच्या पाचव्या भागात! ज्ञान खरं होतं, मोजमाप निर्दोष होतं. फक्त ते मघाचं होतं. म्हणून एलटीईमध्ये टॉवरची एक अँटेना दर मिलिसेकंदात चार वेळा पायलट पाठवते, आणि दोन पायलटांच्या मधली वाट काय असेल हे ग्राहक अंदाजाने जोडून घेतो. काळ-वारंवारतेच्या चौकटीतल्या ८४ खान्यांपैकी ४ खाने यात जातात. बातमी शून्य, खर्च सुमारे पाच टक्के.

आता रिलेकडे परत. खांबावर बसवलेला स्थिर रिले असेल, तर टॉवर ते रिले ही वाट फारशी हलत नाही. तिचं ज्ञान शिळं होत नाही. एलटीईच्या दहाव्या आवृत्तीत रिले आले ते अशा जागी उपयोगी पडतात. पण गाड्यांनी एकमेकींना निरोप द्यायचा असेल तर? घाटातल्या वळणापलीकडे पुढच्या ट्रकने करकचून ब्रेक मारलाय, तुमच्या आणि त्याच्या मध्ये डोंगराचा कडा आहे, आणि वळणावर असलेली तिसरी गाडी तो निरोप तुमच्यापर्यंत पोचवू शकते. अशा संभाषणासाठी ५.९ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरतात. तिथे लहर जेमतेम ५ सेंटिमीटरची, आणि १०० किलोमीटरचा वेग धरला तर एका मिलिसेकंदाच्या आत वाटेचं ज्ञान पूर्ण शिळं होतं. त्यात तिन्ही गाड्या हलताहेत, म्हणजे तिन्ही वाटा एकदम जुन्या होताहेत. इथे शक्ती वाढवण्याचा उपाय लागू पडत नाही.

अशा वेळी ग्राहकाने काय करावं? त्याच्याकडे दोन आवाज आलेत: एक प्रेषकाचा, लांबून, पुसट, एक रिलेचा, जवळून, खणखणीत. साधा ग्राहक स्पष्टतेप्रमाणे वजन देतो. रिले स्पष्ट ऐकू आला म्हणून त्याला जास्त वजन. इथेच घात होतो. रिलेचं बोलणं स्पष्ट आहे, पण त्याचं ऐकणं स्पष्ट होतं का? आपण माणसंही खणखणीत बोलणाऱ्याला जाणता समजतो, ते सोडा. २००७मध्ये वांग, कानो, जियानाकिस आणि लेनमन यांनी यावर एक सुटसुटीत नियम दिला. रिलेच्या शब्दाला वजन द्यायचं ते त्याच्या दोन टप्प्यांपैकी जो टप्पा कमजोर असेल त्याच्या हिशेबाने. एवढं केलं की रिले अधूनमधून चुकत असला तरी जोडीचा पूर्ण लाभ मिळतो. पण यासाठी ग्राहकाला दुसऱ्याच्या कानाची स्थिती माहीत हवी. साक्षीदाराची साक्ष पुरत नाही, त्याची नजर किती चांगली हेही कळायला हवं.

अंदाजाच्या चुकीलाही हेच लागू आहे. ज्या वाटेचं मोजमाप जास्त डळमळीत, तिची डळमळ खरखरीत धरून वजन कमी करायचं. असं करणारा ग्राहक, अंदाजालाच सत्य समजणाऱ्या ग्राहकापेक्षा सरस ठरतो. दोघांजवळ वाटेचं ज्ञान सारखंच आहे. पहिल्याजवळ त्याखेरीज आपल्या अज्ञानाचं मापही आहे. मिळवण्याच्या दृष्टीने हे माप स्वस्त असतं, कारण ते क्षणाक्षणाला बदलत नाही. खरखर किती, वेग किती, पायलट किती जुना, यावरून ते काढता येतं.

रिले पुष्कळ असतील तर आणखी एक मोह होतो. दहांपैकी या क्षणी ज्याची वाट उत्तम आहे, त्या एकालाच बोलू द्यायचं. ज्ञान ताजं असेल तर हे फार चांगलं चालतं. दहाही जणांनी बोलल्याइतका लाभ एकाच्या बोलण्यात मिळतो. ज्ञान शिळं असेल तर काय होतं, याचं विश्लेषण २००९मध्ये प्रसिद्ध झालं, आणि निकाल कठोर आहे. निवडीच्या वेळची वाट आणि बोलण्याच्या वेळची वाट यांत थोडाही फरक पडला, तर शक्ती खूप वाढवल्यावर लाभाचा चढ एका रिलेइतकाच उरतो. दहा असोत की शंभर. हे अर्थात टोकाच्या शक्तीचं गणित आहे. रोजच्या शक्तीवर, फरक लहान असेल तर, निवडीचा फायदा दिसतोच. म्हणून या निकालावरून निवड करूच नये असं म्हणणं मला पटत नाही. पण उमेदवारांची संख्या वाढवून शिळ्या माहितीची भरपाई होत नाही, एवढं मात्र त्यातून निश्चित निघतं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की मी इथे का आलो. संदेश कळायला वाट कळली पाहिजे. वाट कळायला पायलट हवा. रिलेच्या वाटेची बातमी ग्राहकाला हवी, तर तीही कुठल्यातरी वाटेनेच येणार, आणि त्या वाटेचं ज्ञानही अपुरं! प्रमाणाला प्रमाण कोणतं, हा नागार्जुनाने 'विग्रहव्यावर्तनी'त नैयायिकांना विचारलेला प्रश्न, आणि त्यातून येणारी अनवस्था, इथे तारांशिवाय उभी आहे. न्यायसूत्रांतलं उत्तर दिव्याच्या दृष्टान्ताचं आहे: दिवा बघायला दुसरा दिवा लागत नाही. अभियंत्याचं उत्तर वेगळं. तो ही मालिका कराराने थांबवतो. पायलट काय असेल हे दोघांनी आधीच ठरवलेलं असतं, ते या वाटेवरून कळवावं लागत नाही. आणि निरोप पोचल्यावर त्याची शहानिशा तो एका जोडतपासणीने करतो. संदेशाच्या शेपटीला काही बिट्स जोडलेले असतात, त्यांचा हिशेब जुळला तर निरोप ग्राह्य, नाहीतर रिले गप्प. हे सरळ परतःप्रामाण्य आहे. ज्ञान उपजतच खरं मानायचं नाही, ते बाहेरून तपासून घ्यायचं.

मालिका थांबवण्याची किंमत मात्र वेळेत मोजावी लागते. हसीबी आणि होखवाल्ड यांनी २००३मध्ये हिशेब केला की वाट न बदलता राहते त्या काळातला किती भाग पायलटला द्यावा. पायलटची शक्ती वेगळी ठेवायची मोकळीक असेल, तर जितक्या पाठवणाऱ्या अँटेना तितकेच पायलट पुरतात. ती मोकळीक नसेल आणि शक्ती बेताची असेल, तर उत्तम वाटणी निम्म्या काळापर्यंत जाऊ शकते. निम्मा वेळ वाट ओळखण्यात! रिले आला की ओळखायच्या वाटा वाढतात, आणि रिले ऐकताना बोलू शकत नाही म्हणून बोलायचा वेळ आधीच निम्मा झालेला असतो. वाट झपाट्याने बदलत असेल तर अशी वेळ येते की मध्यस्थ न घेता थेट बोललेलं परवडतं.

आणि एक मार्ग असाही आहे की वाट ओळखायचा हट्टच सोडायचा. संदेश चिन्हात ठेवायचा नाही, तर लागोपाठच्या दोन चिन्हांमधल्या फरकात ठेवायचा. चिन्ह मागच्यासारखंच आलं तर शून्य, उलटं आलं तर एक. वाट कशीही असो, दोन चिन्हांच्या काळात ती तीच राहिली म्हणजे झालं. रिलेसाठीही अशा पद्धती तयार झाल्या आहेत. किंमत? फेडिंगच्या एका वाटेवर ३ डेसिबल, म्हणजे दुप्पट शक्ती. हा आकडा ओळखीचा वाटला का? एकाच पायलटने वाट मोजली तेव्हाही तोटा ३ डेसिबलच होता. कारण फरकात बोलणारा ग्राहक मागच्या चिन्हालाच पायलट म्हणून वापरत असतो. वाट न ओळखता चाललो असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याने ती एकदाच, ओझरती, मागच्या पावलावरून ओळखलेली असते.